संघ आपण निवडत नाही

महोदय,

जिंकणारा संघ पाहूनच लोक चाहते होतात, हे सरसकट विधान मला पटत नाही. २५ मे २००५ च्या रात्री थोरल्या भावाने मला झोपेतून उठवलं. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या फुटबॉल स्पर्धेच्या इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यात मध्यंतराला लिव्हरपूल हा इंग्लिश संघ इटलीच्या मिलानविरुद्ध ०-३ असं मागे होतं. भाऊ उशी कवटाळून बसलेला, टीव्हीचा आवाज अगदी बारीक. मग लिव्हरपूलचे जेरार्ड, श्मित्सर, अलोन्सो. सहा मिनिटांत तीन गोल! पेनल्टीवर चषक मिळाला तेव्हा भाऊ रडत होता आणि मी कायमचा लिव्हरपूलचा झालो होतो.

पुढे प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च फुटबॉल लीग, जिंकायला २०२० उजाडलं. संघ बदलावा असं एकदाही मनात आलं नाही. भावाशी अबोला होता तेव्हाही सामना संपला की त्याचा फोन यायचाच.

– एक वाचक