१८ तारखेला मॅमोग्राम आहे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही घाईघाईने "बरी आहेस ना?" विचारता, मी त्याहून घाईने "हो" म्हणते, आणि बोलणं पावसावर जातं. म्हणून आज लिहायला बसले.

रेडिएशन संपून सात महिने झाले. केस आले, ऑफिस सुरू झालं. आई, तू देवीची ओटीही भरून आलीस. सगळ्यांच्या लेखी आजार संपला. मला मात्र तो आत्ता कुठे कळायला लागलाय. किमो चालू असताना घाबरायला सवडच नव्हती. आज रक्ततपासणी, उद्या पांढऱ्या पेशी किती, रात्री ताप चढला तर कुणाला फोन करायचा. आता करण्यासारखं काही उरलं नाही, तर भीती येऊन बसते. साधी पाठ दुखली तरी हाडात गेला असेल का, हेच मनात येतं.

मागच्या आठवड्यात लोकलमध्ये शेजारच्या बाईने हाताला सॅनिटायझर लावलं. त्या वासाने पोटात असं ढवळलं की पुढच्याच स्टेशनवर उतरून मी बाकावर बसून राहिले. किमोची सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवायचे, तोच वास. आणि त्यामागोमाग तो पहिला दिवस. डॉक्टर दारातच उभे, मागे पेशंटची रांग, "कॅन्सर आहे, सोमवारी या." बसा म्हणायलाही कुणाला सुचलं नाही. बाबा, तुम्ही माझी पर्स धरून उभे होतात. तिचा पट्टा बोटाभोवती इतका घट्ट गुंडाळला होतात की बोट पांढरं पडलं होतं. रात्री डोळे मिटले की मला ते बोट दिसतं.

शेवटी समुपदेशक ताईंकडे गेले. त्यांनी थर्मामीटरचं चित्र असलेला कागद दिला, खाली ०, वर १०. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला तिथे खूण करायची. मी २ वर केली. त्या काही बोलल्या नाहीत, पेन फक्त परत माझ्याकडे सरकवलं. मग मी ८ वर खूण केली आणि रडत सुटले. ४ किंवा त्याच्या वर गेलं की मदत घ्यायची वेळ झाली असं समजायचं, म्हणाल्या. वासाचंही त्यांनीच उलगडून सांगितलं. शरीराने तो वास आणि ते औषध यांची गाठ मारून ठेवलीय, ती हळूहळू सुटते. मी भित्री झाले म्हणून हे होत नाहीये, हे ऐकूनच निम्मं ओझं उतरलं.

त्यांच्याकडूनच जिमी हॉलंड या मानसोपचारतज्ज्ञ बाईंबद्दल कळलं. १९७७ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात त्यांनी रुग्णांच्या मनासाठी वेगळा विभाग उभा केला. त्याच्या थोडी वर्षं आधीपर्यंत तिथलेही बहुतेक डॉक्टर रुग्णाला आजाराचं नाव सांगायचं टाळत. आई, आपल्याकडे अजून "तो आजार"च चाललंय. तुझ्या तोंडून मला एकदा "कॅन्सर" ऐकायचंय गं. तू तो शब्द गिळतेस, तेव्हा मलाही माझी भीती गिळावी लागते. आणि "चांगलेच विचार कर" असं नको म्हणूस. वाईट विचार आला की माझंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं. त्यापेक्षा फोनवर रड. मी ऐकीन, मग मी रडेन, तू ऐक.

बाबा, दादाने सांगितलं, तुम्ही रात्री तीनला उठून माझी फाइल वाचत बसता. प्रत्येक रिपोर्टवर तुमच्या अक्षरात तारीख आहे, ते बघून मला भरून येतं. पण ती भीती एकट्याने उपसू नका. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्री तीनलाही उचलतात. आजार मला झाला असला तरी घाव तुम्हालाही बसलाय.

१८ तारखेला मॅमोग्राम आहे. दरवर्षी करावा लागणार आहे. गेल्या महिन्यात तुम्हाला "येऊ नका, काही विशेष नाही" म्हणाले, ते खोटं होतं. रिपोर्ट हातात येईपर्यंतचे दोन दिवस मला एकटीने काढवणार नाहीत. आदल्या रात्री मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसला दोघं बसा. आई, येताना मेतकूट आण, भाताबरोबर तेवढंच जातं.

आणि बाबा, पर्स मी धरीन. तुम्ही नुसते माझ्या शेजारी बसा.

तुमची,
मनू