चार सेकंदांची एन्ट्री

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. चहाच्या जाहिरातीत चार सेकंद, एकच वाक्य, तेही दारात उभं राहून. आणि एवढ्यावरून दोन-दोन अंक एकट्याने ओढणारा तू झोप उडवून बसलायस! अरे, घे ते काम.

१९९३ची पेप्सीची जाहिरात आठव. प्रल्हाद कक्कडने केलेली. शेजारीण महिमा चौधरी आमिर खानच्या दारात येऊन पेप्सी मागते. घरात थेंब नाही, पण तसं सांगेल तर तो हिरो कसला! भर पावसात धावतो, चिंब भिजून बाटली आणतो. आता जरा निवांत बसावं, तर पुन्हा बेल. 'संजू असणार,' ती सहज म्हणते. आता हा संजू कोण उपटला? दार उघडतं. ओले केस, ते डोळे. ती नाव सांगते, संजना, आणि आणखी एक पेप्सी मागते. संपलं!

ही संजना म्हणजे ऐश्वर्या राय, तेव्हा आर्किटेक्चर शिकत होती. मिस वर्ल्ड पुढच्या वर्षी, पहिला सिनेमा तर थेट १९९७ला. म्हणजे तिच्या नावाचं वजन शून्य. तरी लोक विचारत सुटले, ही संजना कोण?

देखणी होती, हे खरंच. (तू देखणा नाहीस, त्यावर नंतर बोलू.) पण नाटकवाल्याच्या नजरेने बघ. पाऊस, धावपळ, धाप, सगळी हमाली आमिरची, टाळी हिची. ती येण्याआधी तिचं नाव येतं, त्याआधी बेल, आणि दार उघडल्यावर आमिरसारखा स्टार सगळं विसरून तिच्याकडे बघत राहतो. एन्ट्री अशी दुसऱ्यांनी बांधून द्यावी लागते. म्हणून तुझं वाक्य किती लांब हे मोजत बसू नकोस. तू दारात येण्याआधी कुणी तुझं नाव घेतं का, आणि आल्यावर कॅमेरा आधी कुणाच्या तोंडावर जातो, ते दिग्दर्शकाला विचार. नुसताच मागे उभा असलास, तर मात्र पैशांपुरतं काम समज. त्यातही वाईट काही नाही, घराचा हप्ता काही प्रयोगामागे मिळणाऱ्या नाइटवर फिटत नाही.

आणि काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस. जाहिरात किती वर्षं चालवणार, टीव्हीवरच की मोबाईलवरही, तेवढा काळ दुसऱ्या चहाची जाहिरात करायला बंदी आहे का, पैसे शूटनंतर किती दिवसांनी, सगळं लेखी घे. कागद आला की सही करायच्या आधी मला पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या