शाळेच्या इमारतीचा आपत्कालीन नकाशा : सदस्यांना स्मरण

शाळा व्यवस्थापन समितीच्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सकाळी १० वाजता इमारतीची पाहणी करून प्रत्येक मजल्याचा नकाशा अद्ययावत करावयाचा आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली; पेटते गवती छप्पर आणि अरुंद जिना यांमुळे त्यांना बाहेर पडता आले नाही, ही गोष्ट मनातून जात नाही. म्हणून नकाशात जिने, बाहेर पडण्याचे दरवाजे, विजेचा मुख्य स्विच, पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातील गॅस सिलिंडर आणि मैदानावर जमण्याची जागा स्पष्ट दाखवावी. कुलूपबंद दरवाजाची किल्ली कोणाकडे असते, हेही त्यावर अवश्य लिहावे. नकाशाची एक प्रत अग्निशमन केंद्राकडे दिली जाईल.