फिनेलच्या टेंडरमध्ये रिकाम्या कॅनचंही लिहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

प्लास्टिकबंदी म्हटलं की आपल्याकडे भाजीच्या गाडीवरची पिशवी पकडतात, दंड करतात, पेपरात फोटो येतो. त्याला माझा विरोध नाहीच. पण मी जळगाव-भुसावळ भागात हाउसकीपिंगची कामं घेतो, बँका, हॉस्टेल, मंगल कार्यालयं, थोडी सरकारी ऑफिसं पण, आणि साफसफाईच्या नावाखाली रोज जे प्लास्टिक कचऱ्यात जातं त्याकडे कोणाचंच लक्ष नाही याचं मला फार वाईट वाटतं. राज्याची बंदी २०१८ ची, केंद्राची १ जुलै २०२२ पासून. केंद्राच्या यादीत चमचे, ग्लास, स्ट्रॉ सगळं आहे, पण स्वच्छतेच्या सामानातलं त्यात काय आहे तर प्लास्टिक काडीचे इअरबड्स, बस. फिनेलच्या बाटल्या, स्प्रे, हँडवॉशचे पाउच, गार्बेज बॅगा यांचं त्यात नावही नाही.

कुठल्याही ऑफिसची जिन्याखालची खोली उघडून बघा, झाडू-मॉपपेक्षा रिकाम्या बाटल्याच जास्त असतात. आमच्याकडे साफसफाई करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, या बाटल्याच इतक्या होऊ राहिल्या की बादली ठेवायले जागा नाही." त्यातली काच पुसायच्या स्प्रेची बाटली हातात घ्या. बाटली एका प्लास्टिकची, वरचं पिचकारीचं डोकं दुसऱ्याच दोन-तीन प्लास्टिकचं, आत धातूची बारीक स्प्रिंग, खाली नळी. भंगारवाला बाटली घेतो आणि डोकं पिरगळून तिथंच टाकतो, कारण त्याला ते पुढे विकताच येत नाही. आणि ते डोकं खराब झालेलं नसतं, अजून कितीतरी दिवस चाललं असतं, संपलेलं असतं फक्त आतलं पाणी. पाणीच म्हणतो मी, कारण तयार लिक्विडमध्ये बहुतेक सगळं पाणीच असतं, आपण बाटली भरभरून पाणी विकत आणतो आणि बाटली फेकतो.

याच्याऐवजी कॉन्सन्ट्रेट मिळतं, म्हणजे पाणी मिसळून वापरायचं घट्ट लिक्विड. लिटरभर पाण्यात ५० मिली असा हिशोब धरला तरी ५ लिटरच्या एका कॅनमधून १०० लिटर माल तयार होतो, म्हणजे अर्ध्या लिटरच्या २०० बाटल्या वाचल्या. डोकं तेच, बाटली तीच, परत परत भरायची. यात नवीन शोध काहीच नाही, मोठ्या हॉटेलांत हे चालूच आहे.

मग सरकारी ऑफिसात का होत नाही? कारण खरेदीच्या कागदावर "५०० मिली बाटली, इतके नग" असं लिहिलेलं असतं. कंत्राटदाराने कॅन दिला तर नग जुळत नाहीत, बिल अडकतं, मला स्वतःला एका ठिकाणी यासाठी चकरा माराव्या लागल्या. त्यात सगळ्यात कमी रेटवाला काम घेऊन जातो, तो रिकामा कॅन परत न्यायचा खर्च कशाला करेल? म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जळगाव-धुळ्याच्या महापालिका, नंदुरबारची नगरपालिका, तिन्ही जिल्हा परिषदा, एसटी, यांनी टेंडरमध्ये नगाऐवजी पाणी मिसळून वापरायला तयार होणाऱ्या मालाच्या लिटरवर रेट मागावा, आणि रिकामा कॅन पुरवठादारानेच परत न्यायचा, नाही नेला तर डिपॉझिट कापायचं, ही अट टाकावी. पूर्वी सोड्याची बाटली परत दिल्याशिवाय डिपॉझिट सुटायचं नाही, तसंच.

काही जण म्हणतात आपल्या जळगावात प्लास्टिकच्या चटईचे इतके कारखाने आहेत, जुन्या प्लास्टिकचा दाणा (वितळवून परत वापरायचा माल) होतोच की, काळजी कशाला. पण सगळ्याचा दाणा होत नाही ना. कॅन जाडजूड एकाच प्लास्टिकचा असतो म्हणून भंगारवाला आनंदाने घेतो. शाम्पूची पुडी, हँडवॉशचा रिफिल पाउच हे वेगवेगळ्या थरांचे, थर सुटे होत नाहीत म्हणून कोणी हात लावत नाही, मग ते गिरणेत, पांझरेत, तापीत जातात. पाउचला बाटलीपेक्षा प्लास्टिक कमी लागतं हे खरं, पण तो पर्यावरणाला चांगला म्हणून खपवतात ते मला पटत नाही.

गार्बेज बॅगचं तर सरळ आहे, ऑफिसच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात दोन कागद पडलेले असतात तरी रोज नवी पिशवी लावतात, त्या डब्याला पिशवी लागतच नाही, आठवड्यातून एकदा धुतला की झालं. दवाखान्याचं मात्र वेगळं, तिथल्या लाल-पिवळ्या पिशव्या आणि ग्लोव्हज बायोमेडिकल कचऱ्याच्या नियमाने लागतातच, तिथे काटकसर करायला कोणी सांगू नये.

आणि रिफिल करायचं म्हणजे कसंही नाही. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारायचं क्लोरीनचं पाणी) मोठ्या कॅनमध्ये भरून ठेवला आणि आपल्याकडचा मे महिना, पारा ४५ ला टेकलेला, तर त्याची ताकद झपाट्याने उतरते, म्हणून हायपो थोडाथोडाच आणावा आणि सावलीत ठेवावा. फिनेल किंवा अ‍ॅसिड पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच भरू नये, लहान पोरं तोंडाला लावतात. प्रत्येक बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरात नाव पाहिजे, कारण अ‍ॅसिड आणि हायपो चुकून एकत्र झाले तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात काम करणाऱ्या मावशींच्या तो सरळ छातीत जातो. मोजायला झाकण किंवा पंप आणि हाताला धुऊन वापरता येतील असे जाड रबरी ग्लोव्हज, हा खर्चही टेंडरमध्येच धरावा, मजुरीतून कापू नये.

गावागावातल्या बचत गटांच्या बाया फिनेल, हँडवॉश बनवतात. त्यांना झेडपीच्या शाळांचं रिफिलचं काम दिलं तर कॅन तालुक्यातल्या तालुक्यातच फिरेल, लांबून बाटल्या मागवायची गरजच नाही.

आपल्या पेपरच्या प्रतिनिधींनी तिन्ही जिल्ह्यांतली साफसफाई साहित्याची यंदाची टेंडरं काढून बघावीत आणि त्यात रिकाम्या बाटल्यांबद्दल एक तरी ओळ आहे का ते छापावं, ही विनंती.

आपला,
एक हाउसकीपिंग कंत्राटदार, भुसावळ