जुन्या गाडीचे दिवे आणि गंजलेला अर्थ

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटरही मिणमिणतो, असं तू लिहिलंस तिथेच रोग कळला. नवे बल्ब आणायला धावू नकोस. मागच्या लॅम्पचा अर्थ, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायचा जोड, गेलाय.

त्या लॅम्पमधले सगळे बल्ब बहुधा एकाच वायरने बॉडीला अर्थ झालेले असतात. तो जोड गंजला की ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरच्या बल्बमधून अर्थ गाठतो. म्हणून सगळेच दिवे अर्धवट पेटतात.

खात्री करायची तर मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) २० व्होल्ट डीसीवर ठेव. बॅटरीच्या निगेटिव्हपासून मागपर्यंत एक लांब वायर ओढ, काळी प्रोब तिला आणि लाल प्रोब बल्बच्या होल्डरच्या धातूला लाव. पेडल कुणाला तरी दाबून धरायला सांग. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर जोड उघडायलाच हवा. मात्र मोजायचं ते दिवा चालू असताना. बंद दिव्यात करंटच वाहत नाही, त्यामुळे सडका जोडही साळसूदपणे शून्य दाखवतो. इथेच बरेच जण फसतात.

अर्थचा बोल्ट काढ, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घास, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळ आणि वरून व्हॅसलीन फास. रंगावरच लग आवळून काही होत नाही, रंगातून करंट जात नाही. होल्डरमधली हिरवट पुटंही खरवडून काढ. ब्रेक आणि टेलच्या (मागच्या लाल दिव्याच्या) २१/५ वॅटच्या जोडबल्बच्या दोन पिना मुद्दाम वर-खाली असतात; जोर लावून उलटा बसवलास तर टेल आणि ब्रेकची अदलाबदल होईल.

दोन्ही ब्रेक लाइट एकदमच गेले, तर आधी फ्यूज आणि पेडलवरचा स्विच बघ; दोन बल्ब एकाच दिवशी सहसा मरत नाहीत. इंडिकेटर एका बाजूला भराभर टिकटिकत असेल, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय किंवा कमी वॅटचा बसलाय.

हेडलाइट पिवळट पडतात, त्याचं कारण वेगळं. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या प्लगवर व्होल्टेज मोज; दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेत गेलेलं व्होल्टेज. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. उपाय रिलेचा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. लो आणि हाय बीमला एकेक घे. रिलेची ३० नंबरची पिन २० अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोड, फ्यूज बॅटरीजवळच असू दे. ८७ मधून २.५ चौरस मिलिमीटरची वायर दोन्ही दिव्यांना ने. हेडलाइटची जुनी वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. ६०/५५ वॅटचे बल्बच ठेव, बल्बच्या काचेला बोट लावू नकोस. शंभर वॅटचा मोह नको, होल्डर वितळतात. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूजही टाकू नकोस, मग त्याच्याऐवजी वायर जळते.

अर्थचा आकडा काय आला ते कळव.

तुझा,
अविनाश