रकान्यात ‘आई’ लिहिलेलं असतं तेव्हा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “मुलगी नेमकी कसली डॉक्टर, असं कुणी विचारलं तर काय सांगू?” मी घाईघाईत “किडनी बदलतात ना, त्यातलंच काहीतरी” म्हणून फोन ठेवला. नंतर मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

बदललेली किडनी कुरकुरायला लागली, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, चढलं, की सुईने तिचा तुकडा काढतात; हीच बायोप्सी. दोऱ्यासारखा बारीक, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब. तो माझ्याकडे, म्हणजे पॅथॉलॉजिस्टकडे, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला येतो. दोन-तीन मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) काप, मग रंग. किडनीतल्या बारीक नळ्यांभोवतीचं आवरण गर्द गुलाबी रेघेसारखं उठून दिसतं आणि त्या रेघेच्या आत घुसलेल्या पांढऱ्या पेशी मी मोजते. एका नळीत चारपर्यंत असल्या तर एक गुण, दहापर्यंत दोन, त्यापुढे तीन. हे मोजमाप जगभर एकच आहे. १९९१ साली कॅनडातल्या बान्फ गावात काही डॉक्टर बसले आणि त्यांनी ते ठरवायला घेतलं. त्याआधी एकाच स्लाइडवर दोघांची दोन मतं व्हायची. दर दोन वर्षांनी ते नियम आजही पुन्हा तपासले जातात.

पण नुसतं मोजून भागत नाही. आई, एकदा मी महिनाभर धड जेवत नव्हते, तू सारखी विचारायचीस, आठवतं? तेव्हा सांगू शकले नाही. एका तरुण मुलाची बायोप्सी होती. नळ्यांत पेशीच पेशी. मी ‘रिजेक्शन’ लिहिलं, म्हणजे शरीर नवी किडनी परकी समजून तिच्यावर हल्ला करतंय. त्याला स्टेरॉइडचे मोठे डोस दिले, क्रिएटिनिन तरी चढतच गेलं. दुसऱ्या बायोप्सीत बीके व्हायरस निघाला, प्रतिकारशक्ती दाबली की बदललेल्या किडनीत डोकं वर काढणारा. सरांनी जुनी स्लाइड काढायला लावली. अगदी टोकाला, दोन नळ्यांत, चार-पाच पेशींची केंद्रकं फुगलेली होती, धुरकट काचेसारखी. मी त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे गेले होते.

रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, व्हायरस असेल तर दाबणारी औषधं कमी करायची. उपचार थेट उलटे, आणि स्लाइडवर दोन्ही सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. ती किडनी वाचली नाही. ती त्याच्या आईने दिली होती.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आज माझं संशोधन त्याच दोन नळ्यांवर चाललंय. जुन्या बायोप्सी काढायच्या, व्हायरस रंगवून दाखवणारा स्टेन पुन्हा लावायचा आणि पहिल्याच तुकड्यात खूण होती का, ते शोधायचं. एकेका स्लाइडला तास-तास जातो. सर्जन व्हायला हवी होतीस, असं तुम्हाला वाटत होतं बाबा, ते मला ठाऊक आहे. पण हे काम मला मनापासून आवडतं, आणि ते नीट करणारी माणसं फार थोडी आहेत.

पेशंट मला ओळखत नाहीत आई, माझ्यासमोर फक्त फॉर्म असतो. सही करण्याआधी त्यातला एक रकाना मी वाचतेच: किडनी कोणी दिली. तिथे ‘आई’ लिहिलेलं असलं, की स्लाइड काढत नाही. पुन्हा पहिल्या टोकापासून बघायला घेते.

तुमची,
लेक