मंत्रीसाहेब, ओपन जिम बसवले, आता तिथे खेळ घेणारं माणूसही द्या

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

सप्रेम नमस्कार.

साहेब, माझी आई ७६ वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिने चकलीच्या पिठात दोनदा मीठ घातलं आणि दोन्ही वेळा "मी अजून घातलंच नाहीये" म्हणाली. जिने आयुष्यभर अंदाजपंचे मीठ टाकलं आणि कधी चुकली नाही, ती बाई. मग एकदा दूध गॅसवर ठेवून देवळात गेली. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले वयानुसार होतं, बागेत फिरायला पाठवा.

बागेत ओपन जिम आहे. तुम्हाला माहीतच असेल, कमरेची गोल फिरणारी चकती, पाय मागेपुढे हलवायचं यंत्र, निळा-पिवळा रंग. आई त्या चकतीवर उभी राहून दहा मिनिटं इकडून तिकडे वळायची आणि नजर फाटकाकडे, मी कधी घरी चल म्हणते याची वाट बघत. शिकवायला कुणी नाही, सोबतीला कुणी नाही. महिन्याभरात गुडघे दुखतात म्हणून बंद.

मग सुट्टीत भाचा आला आणि त्याने टीव्हीला कॅमेरावाला गेम जोडला. पडद्यावर फळं उडतात, हात फिरवून ती कापायची आणि मधेच काळा बॉम्ब येतो त्याला हात लावायचा नाही. पहिले दोन दिवस आई प्रत्येक बॉम्बला हात लावत होती. चौथ्या दिवशी हात वर नेला आणि मधेच थांबवला. तो थांबलेला हात मी विसरणार नाही साहेब, कारण आधी ओळखायचं, मग स्वतःला आवरायचं, हेच तर तिला जमेनासं झालं होतं. ती बरी झाली असं मी म्हणत नाहीये. पण आज पाच वाजले की पदर खोचून स्वतः टीव्हीसमोर उभी राहते, गुडघ्याचं नावसुद्धा काढत नाही.

मग मी याबद्दल वाचायला लागले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ज्येष्ठांच्या वसाहतींमध्ये एक प्रयोग झाला, २०१२ ला प्रसिद्ध झाला. एका गटाला साधी जागेवरची सायकल, दुसऱ्या गटाला तीच सायकल पण समोर स्क्रीन, त्यात रस्ता, वळणं, आणि स्वतःच्याच आधीच्या फेरीशी शर्यत. तीन महिने चाललं, ६३ जणांनी पूर्ण केलं. दोन्ही गटांनी घाम जवळपास सारखाच गाळला, तरी स्क्रीनवाल्यांचं नियोजन करणं, लक्ष एकीकडून दुसरीकडे नेणं हे जास्त सुधारलं, आणि विसरभोळेपणाच्या पुढच्या पायरीवर घसरण्याचा धोका साध्या सायकलवाल्यांपेक्षा २३ टक्के कमी दिसला. प्रयोग लहान होता, मान्य. पण पाय चालताना डोकंही कामाला लागलं की फरक पडतो, एवढं त्यातून दिसतं. नुसत्या चालण्याचाही फायदा आहेच बरं का, २०११ च्या एका अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी जे वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालले त्यांच्या मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग सुमारे २ टक्के वाढला आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा कमी झाला. पण वर्षभर टिकायचं तर गोडी लागायला हवी ना, आणि ती खेळात लागते.

आणि यासाठी महागडी मशीनच पाहिजेत असं कुठंय? आपल्याकडे लेझीम आहे. हलगीच्या ठेक्यावर पाय एकीकडे, हात दुसरीकडे, आकडे मोजायचे, शिट्टी वाजली की दिशा बदलायची, शेजारच्याचा अंदाज ठेवायचा. मंगळागौरीचा झिम्मा आहे, वारीतली पावली आहे. हे सगळं आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगात आहे, कुणीतरी फक्त परत सुरू करून द्यायला पाहिजे.

माझी मागणी सरळ आहे. २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्या पात्र लोकांना एकदा ३००० रुपये मिळतात, काठी, चष्मा, श्रवणयंत्र वगैरेसाठी. चांगलं आहे, चालूच ठेवा. पण त्याच्या जोडीला विरंगुळा केंद्रांमध्ये आठवड्यातून तीन दिवस खेळ घेणारं एक माणूस मानधनावर नेमा. निवृत्त पीटीचे शिक्षक आहेत, मंगळागौरीचे ग्रुप चालवणाऱ्या बायका आहेत, फिजिओथेरपी कॉलेजची मुलं आहेत. आधी बीपी तपासायचं, धरायला भिंतीला दांडा लावायचा, घसरणारी फरशी असेल तर मॅट टाकायची. मोठ्या केंद्रात एक टीव्ही आणि कॅमेरावाला गेम, तालुक्याला एखादी स्क्रीनवाली सायकल. नवीन ओपन जिमचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यात या माणसाचं मानधन धरलंय का ते बघूनच सही करा.

आणि एक, बायकांची वेळ वेगळी ठेवा. आमच्याकडच्या केंद्रात सकाळ-संध्याकाळ पुरुष पत्ते आणि कॅरम खेळत बसलेले असतात, बाईमाणूस दारातूनच परत फिरतं. २०२३ ला आलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार ६० च्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्यात प्रमाण बायकांमध्ये जास्त, खेड्यात जास्त. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत ना बाग पोचते ना केंद्र. दुपारी तीन ते पाच द्या, घरची कामं आवरून त्या येतील. गावात केंद्र नसेल तर अंगणवाडी सुटल्यावर तीच खोली द्या.

आमच्या गल्लीतल्या चार आज्या आता आईबरोबर टीव्हीसमोर येतात. हॉलमध्ये एका वेळी दोघींनाच हात फिरवता येतात, बाकीच्या सोफ्यावर बसून नंबर यायची वाट बघतात. त्यांना जागा द्या साहेब.

आपली,
एका आईची मुलगी